प्रमोशन नाकारण्याआधी एकदा रक्त तपासून घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३९, सरकारी बँकेत स्केल टू अधिकारी, घर बदलापूरला आणि शाखा मुंबईच्या फोर्टमध्ये. पहाटे पावणेपाचला उठून दोन डबे आणि सासूबाईंचा नाश्ता करून तुम्ही सातच्या सुमाराची लोकल पकडता, आणि घरी परतायला रात्रीचे पावणेनऊ होतात. चार महिन्यांनी स्केल थ्री या वरच्या श्रेणीच्या प्रमोशनची मुलाखत आहे, पण ‘आहे तेच झेपत नाही’ म्हणून अर्जच करू नये असे तुम्ही जवळजवळ ठरवले आहे. तरीही शेवटचा प्रयत्न म्हणून यशस्वी स्त्रिया पाळतात तशी एखादी दिनचर्या सुचवावी, म्हणजे पहाटेचे ध्यान, रोजनिशी, कोमट पाणी असे काही, ही तुमची विनंती आहे. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहावे तशी दोन वाक्ये तुम्ही लिहिली आहेत: वर्षभरापासून बर्फ खाण्याचे वेड लागले आहे, शाखेतल्या फ्रीजमधला ट्रे मीच संपवते म्हणून सगळे हसतात, आणि पाळी आठ दिवस चालते, पण ती आधीपासूनच तशी आहे.

मी उत्तराची सुरुवात या शेवटच्या दोन वाक्यांपासून करते. गेली चोवीस वर्षे, आधी कारखान्यांत आणि आता डोंबिवलीतल्या दवाखान्यात, नोकरदार स्त्रियांना तपासताना मला असे दिसले आहे की खरे दुखणे बहुधा ‘अजून एक सांगायचे राहिले’ असे म्हणून बाई दारातून मागे वळते तेव्हा कळते. बर्फ चघळण्याची अनावर इच्छा होणे हे शरीरातले लोह कमी झाल्याचे डॉक्टरांच्या चांगल्या ओळखीचे लक्षण आहे. आपल्याकडे खेड्यात एखादी गरोदर बाई भाजकी माती खाते, शाळकरी मुली पाटीवरची पेन्सिल कुरतडतात, कुणी तांदूळ निवडता निवडता मूठभर कच्चेच तोंडात टाकते. ही सगळी त्याच कुळातली लक्षणे आहेत. त्याच्या जोडीला आठ दिवसांची पाळी, स्टेशनचा पूल चढताना लागणारी धाप, गळणारे केस आणि दुपारी चारनंतर आकडे डोळ्यांपुढे सरकू लागणे, हे तुम्ही लिहिलेले सारे एकत्र मांडले की मला तुमच्या दिनचर्येपेक्षा तुमच्या हिमोग्लोबिनची काळजी अधिक वाटते. तपासल्याशिवाय निदान करता येत नाही आणि मीही ते करत नाही. पण आधी काय तपासावे हे मात्र ठामपणे सांगू शकते.

या बाबतीत मी स्वतः फसलेली आहे, म्हणून थोडे विषयांतर करते. २००९ साली मी चाकणच्या एका कारखान्यात वैद्यकीय अधिकारी होते. तिथे दरवर्षीप्रमाणे रक्तदान शिबिर भरले होते, आणि डॉक्टरीणबाईंनी पहिली बाटली द्यावी असा कामगारांचा आग्रह होता. रक्तपेढीच्या तंत्रज्ञ मुलीने माझ्या बोटाला सुई टोचली आणि एक थेंब मोरचुदाच्या निळ्या द्रावणात सोडला. हिमोग्लोबिन रक्तदानाला पुरेसे, म्हणजे १२.५ किंवा त्याहून अधिक असेल तर थेंब तळाशी जातो, नसेल तर तरंगतो. माझा थेंब जरा खाली गेला, मध्येच घुटमळला आणि वर आला. ती मुलगी इतकी अवघडली की तिने न विचारताच दुसऱ्यांदा सुई टोचली. दुसरा थेंबही वर आला. प्रयोगशाळेत आकडा निघाला ८.७. त्याच्या महिनाभर आधी कंपनीने मला तिन्ही कारखान्यांच्या आरोग्य विभागाचे प्रमुखपद देऊ केले होते आणि ‘मुले लहान आहेत, एवढी धावपळ जमणार नाही’ असे सांगून मी ते नाकारले होते. पाच महिन्यांच्या उपचारानंतर त्याच मुलांना, त्याच घराला आणि त्याच रस्त्याला सांभाळून मला संध्याकाळी पुस्तक वाचण्याइतके त्राण उरू लागले. पद तोवर दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले होते. मुले लहान होती हे खरेच होते, पण नकार मी दिला होता की माझ्या ८.७ने, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

तुम्ही बँकेत आहात, तेव्हा तुमच्याच भाषेत सांगते. हिमोग्लोबिन म्हणजे काउंटरवरची रोकड आणि फेरिटिन म्हणजे तिजोरीतला लोहाचा साठा. रोकड कमी पडू लागली की शरीर तिजोरीतून काढून काउंटर भरत राहते, त्यामुळे तिजोरी जवळजवळ रिकामी होईपर्यंत काउंटरवर काहीच कळत नाही. आता जमाखर्च पाहा. आपण अन्नातून दिवसाला जेमतेम एक ते दोन मिलिग्रॅम लोह शोषून घेतो, आणि त्यातले एक मिलिग्रॅम त्वचेतून, आतड्यांतून असे रोजचे झिजतच असते. एका पाळीत ८० मिलिलीटरहून अधिक रक्त गेले तर ती जास्त रक्तस्रावाची पाळी समजतात, आणि तेवढ्या रक्ताबरोबर तीस-पस्तीस मिलिग्रॅम लोह जाते. ही तूट दर महिन्याची, आणि तुमच्याबाबतीत कदाचित पंचवीस वर्षांची. मोजमाप कुणी घरी करत नाही; पण दर एक-दोन तासांनी पॅड बदलावे लागणे, रुपयाच्या नाण्याएवढ्या गाठी जाणे, रात्री उठून पॅड बदलावे लागणे, पाळी सात दिवसांहून अधिक चालणे, यांपैकी काहीही असेल तर ‘माझी आधीपासूनच तशी आहे’ हे वाक्य सोडून द्यावे. आधीपासून आहे याचा अर्थ एवढाच की तुम्ही ती आधीपासून अंगावर काढत आहात.

यात तुम्ही एकट्या नाही. २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला; महाराष्ट्रात हे प्रमाण ५४ टक्के होते. म्हणजे तुमच्या डब्यातल्या चार जणींच्या बाकावर सरासरी दोन जणी तशा निघाव्यात. इतके सर्रास असल्यामुळेच त्याकडे कुणी पाहत नाही. कंपनीच्या वार्षिक तपासणीत हिमोग्लोबिन १०.४ आले की बायकांना ‘थोडे कमी आहे, बीट-खजूर खा’ एवढे सांगून पाठवले जाते, हे मी कितीदा पाहिले आहे. तोच आकडा एखाद्या पुरुष अधिकाऱ्याचा आला असता तर रक्त कुठे जाते हे पाहायला दुसऱ्या दिवशी त्याच्या पोटाची दुर्बिणीची तपासणी ठरली असती.

तेव्हा या आठवड्यात एका सकाळी पुढील तपासण्या करून घ्या: संपूर्ण रक्तगणना, फेरिटिन, थायरॉइडसाठी टीएसएच, बी-१२, तीन महिन्यांच्या साखरेची एचबीए१सी, आणि रक्तदाब. तुम्ही शाकाहारी असाल तर बी-१२ टाळूच नका. गरोदरपणात साखर वाढली होती का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा, कारण अशा स्त्रियांना पुढे मधुमेह होण्याचा धोका बराच अधिक असतो आणि बाळंतपणानंतर ती गोष्ट सगळेच विसरून जातात. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२च्या खाली असेल तर तो रक्तक्षय, ११च्या खाली मध्यम, आणि ८च्या खाली तीव्र. पण हिमोग्लोबिन १२ आले म्हणून सुटलात असे समजू नका, फेरिटिनचा आकडाही विचारा. तो १५च्या खाली म्हणजे तिजोरी रिकामी. ३०च्या खाली असेल आणि लक्षणे असतील तर मी उपचार सुरू करते. रक्तक्षय नसलेल्या पण फेरिटिन कमी असलेल्या थकलेल्या स्त्रियांना लोह दिल्यावर थकवा कमी होतो, हे वैद्यकीय चाचण्यांतून दिसलेले आहे.

कमतरता निघाली तर उपचार साधा आहे, फक्त चिकाटीचा आहे. लोहाची गोळी शक्यतो रिकाम्या पोटी, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. चहा-कॉफी, दूध आणि कॅल्शियमची गोळी तिच्या आसपास तासभर तरी नको. थायरॉइडची गोळी चालू असेल तर दोन्हींमध्ये चार तासांचे अंतर हवे. शौच काळसर होते, त्याला घाबरू नये. बद्धकोष्ठ किंवा मळमळ झाली तर गोळी बंद करून टाकण्याऐवजी डॉक्टरांना सांगा. एक दिवसाआड घेतली तरी चालते, कारण एका मात्रेनंतर शरीर साधारण दिवसभर लोह शोषण्याचे दार थोडे ओढूनच घेते. महिन्याला हिमोग्लोबिन एक ते दोन ग्रॅमने वाढावे. वाढलेच नाही तर गोळी नीट घेतली जात नाही, किंवा रक्त जातेच आहे, किंवा पोटात शोषले जात नाही, या तिन्हींचा शोध घ्यावा लागतो. आणि आकडा १२च्या वर गेला की बहुतेक जणी थांबतात, तिथेच गाडे अडते; तिजोरी भरायला त्यानंतरही किमान तीन महिने गोळी चालू ठेवावी लागते. आकडा फार खाली असेल किंवा गोळ्या सोसतच नसतील तर शिरेतून लोह देता येते. ते रुग्णालयातच घ्यायचे असते आणि एका दिवसात घरी येता येते.

मात्र नळ चालू ठेवून टाकी भरण्यात अर्थ नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांकडून सोनोग्राफी करून रक्तस्रावाचे कारण शोधा. गर्भाशयातल्या गाठी, थायरॉइड, संप्रेरकांचा बिघाड, कधी जुनी बसवलेली तांब्याची कॉपर-टी, अशी कारणे निघतात. पाळीच्या दिवसांत घ्यायच्या, रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आहेत, संप्रेरकांच्या गोळ्या आहेत, आणि संप्रेरक सोडणारी, काही वर्षे टिकणारी गर्भाशयातली साधनेही आहेत. त्या साधनाला आपल्याकडे ‘हॉर्मोनची कॉपर-टी’ म्हणतात, जरी त्यात तांबे मुळीच नसते. ‘मुले झाली आहेत ना, मग पिशवी काढून टाका’ असे कुणी पहिल्याच भेटीत सांगितले तर दुसरे मत घेतल्याशिवाय शस्त्रक्रियेची तारीख ठरवू नका.

हे मी विशेष करून सांगते, कारण आपल्याच राज्यात कामासाठी शरीराची किती किंमत मोजली जाते याचे उदाहरण समोर आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची २०१९ साली शासकीय समितीने पाहणी केली, तेव्हा ब्याऐंशी हजारांवर स्त्रियांपैकी तेरा हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. तिथे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, आणि एका दिवसाचा खाडा झाला की दंड बसतो. पाळीच्या त्रासाने फडात जाता आले नाही तर खाडा, म्हणून पाळीच नको, असा हिशेब त्या बायकांना घालावा लागला. तुमच्या फोर्टच्या शाखेत खाड्याचा दंड नाही, रजा आहे, वैद्यकीय खर्चाची सोय आहे; आणि तरीही तुम्ही या वर्षी त्यासाठी एकही रजा घेतलेली नाही, असे तुम्हीच लिहिले आहे.

आहाराबद्दल थोडक्यात. बीट लाल असते म्हणून रक्त वाढवते, हा रंगावरून काढलेला निष्कर्ष आहे. त्यात लोह फार नसते. बाजरी, अळीव, हरभरा, मटकी, हिरव्या पालेभाज्या आणि त्यावर लिंबू पिळणे हे उपयोगाचे. मांसाहार चालत असेल तर त्यातले लोह अधिक सहज शोषले जाते. पण स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळावे अशी आयसीएमआरची शिफारस आहे, आणि तेवढे सुस्थितीत टिकून राहायला लागते. रिकामी तिजोरी भाजी-भाकरीने भरत नाही, तिथे औषधच हवे. मला खरी हरकत आहे ती जेवणाच्या वेळेला आणि क्रमाला. पहाटेपासून दोन कप चहावर फोर्ट गाठणे, मंगळवार आणि चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी, आणि रात्री सगळ्यांची पाने वाढून झाल्यावर तळाशी उरलेले वरण. उपवास सोडा असे मी सांगत नाही, ती ज्याची त्याची श्रद्धा आहे. पण हिमोग्लोबिन सुधारेपर्यंत ते स्थगित ठेवायला देव अडवत नाही, असे माझ्या आजीने मला सांगितले होते आणि मी ते रुग्णांना सांगत आले आहे. डब्यात तुमची स्वतःची उसळ आधी भरा, मग बाकीचे डबे.

आता तुमच्या दिनचर्येकडे येते. तुम्ही साडेअकराला झोपता आणि पावणेपाचला उठता, म्हणजे सव्वापाच तास. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप लागते. त्यात ध्यान आणि रोजनिशीसाठी पहाटे चारला उठायचे म्हणजे साडेचार तास उरतील. असली स्व-काळजी मी लिहून देणार नाही. स्वतःसाठी वेळ काढा, असे सगळेच सांगतात, पण दिवसाचे तास चोवीसच असतात आणि तुमच्या वाट्याला येणारा प्रत्येक तास कुणाच्या तरी वाट्यातून यावा लागतो, हे कुणी सांगत नाही. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर पाहणीत, घरातली बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांत दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात असे दिसले. ती कामे करणाऱ्या पुरुषांची सरासरी ८८ मिनिटे होती. २०१९ साली हेच आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत स्त्रियांची दहा मिनिटे वाचली, आणि पुरुषांनीही नऊ मिनिटे वाचवून घेतली! तुमच्या झोपेचे पावणेदोन तास या तफावतीतच आहेत, ते पहाटेच्या अंधारात शोधून सापडणार नाहीत.

माझा अनुभव असा की ‘जरा मदत करत जा’ या वाक्याने घरात काहीही बदलत नाही, कारण मदत मागणाऱ्याकडे मुकादमकी शिल्लक राहतेच. काय आणायचे, काय भिजत घालायचे, गॅस कधी संपेल, हे सगळे डोक्यात तुम्हीच वाहता आणि त्यातला एखादा शेवटचा टप्पा दुसऱ्याकडे देता. म्हणून काम द्यायचे तर ते मुळापासून शेवटपर्यंत द्यावे. विमा कार्यालयात काम करणाऱ्या माझ्या एका रुग्ण बाईंनी रात्रीचा स्वयंपाक पूर्णपणे नवऱ्याकडे सोपवला. पहिले दोन आठवडे लोकल ठाणे सोडते न सोडते तोच फोन वाजायचा: मोहरी कुठल्या डब्यात आहे, डाळ किती शिट्ट्या, कुकरची रिंग कुठे. मी त्यांना सांगितले की मिसळणाच्या डब्यावर नावे लिहून टाका आणि ठाणे ते डोंबिवली फोन उचलू नका. तिसऱ्या आठवड्यात चार दिवस ओळीने मुगाची खिचडी झाली. सासूबाई नाराज झाल्या, मुलगा पापड मागू लागला, आणि बाईंच्या अगदी जिभेवर आले होते, ‘राहू दे, मीच करते’. ते त्यांनी गिळले आणि खिचडी जेवल्या. आता त्या घरात बुधवारची आमटी ही नवऱ्याची खासियत मानली जाते. या सगळ्यात औषधापेक्षा अवघड गोष्ट ती चार दिवसांची खिचडी मुकाट्याने खाणे होती, असे त्यांनीच मला सांगितले.

पोळ्यांना मावशी ठेवायची म्हटले की तुमच्या मनात अपराधीपणा येतो, असे तुम्ही लिहिले आहे. स्केल टू अधिकाऱ्याचा पगार आणि पोळ्यांचा महिन्याचा खर्च कागदावर शेजारी शेजारी लिहा, आणि हेच कर्जप्रकरण म्हणून तुमच्या टेबलावर आले असते तर मंजूर केले असते का, ते पाहा. सासूबाईंना बाहेरच्या हाताच्या पोळ्या चालत नसतील तर हा विषय तुमच्या यजमानांनी त्यांच्या आईशी बोलावा. तो तुमच्याकडे कसा आला हेच मुळात मला कळलेले नाही.

लोकलबद्दल एक स्पष्ट मत. १९९२ साली चर्चगेट–बोरिवली मार्गावर पहिली लेडीज स्पेशल धावली, तेव्हापासून वर्तमानपत्रांत दरवर्षी एक छायाचित्र येते: डब्यात भाजी निवडणाऱ्या, मटार सोलणाऱ्या हसऱ्या बायका. सगळ्यांना ते कौतुकाचे वाटते. मला त्यात कचेरी आणि घर या कामाच्या दोन पाळ्यांच्या मध्ये घुसवलेली तिसरी पाळी दिसते. तुमचा प्रवास एका बाजूने दीड तासाचा आहे. बसायला मिळत असेल, अगदी बाकाच्या कडेला टेकायची चौथी सीट असली तरी, जाताना झोपा आणि येताना मैत्रिणींशी गप्पा मारा. घेवडा घरच्यांनी निवडावा.

बाकीचे मुद्दे लहान आहेत. शाखेतले स्वच्छतागृह अस्वच्छ म्हणून तुम्ही दिवसभर पाणी पीत नाही. त्याने मूत्रमार्गाचा संसर्ग आणि डोकेदुखी ओढवते. मुंबईतल्या स्त्रियांनी २०११पासून ‘राइट टू पी’, म्हणजे लघवीच्या हक्काची मोहीम चालवली ती सार्वजनिक जागांतल्या स्वच्छतागृहांसाठी. तुमच्या शाखेपुरती तक्रार तर तुम्ही अधिकारी म्हणून लेखी देऊ शकता, आणि ती तुमच्या हाताखालच्या मुलींच्याही उपयोगी पडेल. व्यायाम हिमोग्लोबिन १०च्या वर आल्यावर हळूहळू वाढवा: चालणे, आणि आठवड्यातून दोन दिवस घरच्या घरी उठाबशा, भिंतीला रेटून दंड, पाण्याच्या बाटल्या उचलणे. चाळिशीनंतर स्नायू आणि हाडे टिकवायला हे लागतेच. ध्यान करावेसे वाटत असेल तर जरूर करा, पण झोप कापून नको.

एक गोष्ट मात्र घाईने ओलांडू नका. थकव्याबरोबर दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस न वाटणे, विनाकारण रडू येणे, आपण कुणाच्याच कामाचे नाही असे वाटत राहणे, यांपैकी काही असेल तर ते केवळ रक्त कमी असल्याने होते असे मानू नये. नैराश्य आणि रक्तक्षय एकाच बाईला एकाच वेळी असू शकतात, आणि दोन्हींचे उपचार स्वतंत्र असतात. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. रात्री अपरात्री जगणे नकोसे वाटले तर सकाळची वाट न पाहता तो लावा आणि घरात कुणाला तरी उठवा.

आता प्रमोशनचे. अर्ज करावा की नाही, हे मी ठरवू शकत नाही. बदली कुठे होईल, सासूबाईंचे काय, मुलाचे दहावीचे वर्ष, ही कारणे खरी आहेत आणि ती तपासून घेण्याजोगी आहेत. अर्थ मंत्रालयाने २०१४ साली सरकारी बँकांना स्त्री कर्मचाऱ्यांची नेमणूक शक्य तेथे पतीच्या किंवा आईवडिलांच्या गावी अथवा जवळपास करावी अशा सूचना दिल्या आहेत. तुमच्या बँकेचे बदली धोरण काय म्हणते आणि निवड झाल्यावर नकार दिला तर पुढची किती वर्षे दार बंद होते, हे युनियनच्या माणसाकडून किंवा एचआरकडून नीट समजून घ्या. पण ‘झेपत नाही’ हे कारण मात्र आज कागदावर उतरवू नका. झेपत नाही हे तुमच्या आजच्या रक्ताचे म्हणणे आहे, आणि ते रक्त चार महिन्यांत बदलू शकते. अर्जाची मुदत आधी संपत असेल तर अर्ज भरून ठेवा. निवड झाल्यावर विचार करायला वाव असतो, न भरलेल्या अर्जावर करण्यासारखे काही नसते.

साहेबांना किती सांगायचे, हेही तुम्ही विचारले आहे. ‘वैद्यकीय उपचार चालू आहेत, महिन्यातून एक दिवस तपासणीसाठी रजा लागेल’ एवढे पुरे. पाळी, पिशवी, रक्त हे शब्द त्यांच्यासमोर उच्चारण्याची सक्ती तुमच्यावर नाही, आणि लपवण्याची तर मुळीच नाही. मार्चअखेरच्या धामधुमीत ही रजा टाळण्याचा मोह होईल. त्या महिन्याची तारीख आत्ताच टाकून ठेवा.

तर क्रम असा ठेवा. या आठवड्यात रक्त, पुढच्या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञ, चौथ्या आठवड्यात पुन्हा हिमोग्लोबिन, आणि मुलाखतीच्या अभ्यासाला पहिला हात सहाव्या आठवड्यात. त्याआधी पुस्तक उघडले तरी डोक्यात फार काही शिरणार नाही, आणि तुम्ही स्वतःला उगाच ‘ढ’ ठरवाल. कमतरता खरोखरच लोहाची असेल तर आकडा हलण्याच्याही आधी, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच, एक गंमत होईल: शाखेतला बर्फाचा ट्रे भरलेलाच राहील आणि तुमच्या ते लक्षातही येणार नाही, शेजारच्या टेबलावरचे कुणीतरी विचारील. तसे झाले तर मला दोन ओळी लिहा. आणि गोळ्या नीट घेऊनही तसे झाले नाही, तर सगळे अहवाल सोबत पाठवा, मग दुसरीकडे शोधू.